दिवसाला एक डोळा

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच दिवशी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन तीन गोष्टी सांगितल्या. नळ नीट बंद करायचा, जिन्याची तिसरी पायरी हलते आणि ताईंच्या खोलीचं दार आपटायचं नाही. नळाचं आणि पायरीचं समजण्यासारखं होतं. दाराचं मात्र मला हसू आलं. मी दारं आपटणाऱ्यांच्या घरातून आलेली. आमच्याकडे कुणी दार हळू लावलं, तर बरं नाही का रे, असं विचारायचे.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नव्हतं. घरातले लोक त्यांना पाठीमागे लाजाळू म्हणायचे; हात लावला की पानं मिटून घेणारं झुडूप असतं ना, ते. खरं तर त्या लाजत बिजत काही नव्हत्या. त्यांना सगळंच जास्त लागायचं. नव्या कपड्याच्या मानेवरचं लेबल कात्रीने उसवल्याशिवाय तो कपडा अंगावर चढायचा नाही. ट्यूबलाइट गुणगुणते, हे मला या घरात आल्यावर कळलं. ताटावर चमचा घासला गेला की त्यांचे खांदे कानापर्यंत जायचे. आणि माझं नवऱ्याशी भांडण झालेलं असलं, मग आम्ही दोघं कितीही गोडीगुलाबीने खोलीबाहेर येवोत, ताई एकदाच आमच्याकडे बघायच्या आणि आपलं ताट उचलून आत जायच्या. याचा मला भयंकर राग यायचा. माणसाला स्वतःच्या नवऱ्याशी खाजगीत भांडायचीही सोय नाही म्हणजे काय!

पहिलं वर्षभर मी या सगळ्याला नखरे म्हणत होते. त्यांच्या तोंडावर नाही, माहेरी फोन करून.

त्या काम काय करतात, हे मला कुणीतरी सांगितलं होतं. पण ते डोक्यात नीट शिरलं नव्हतं. ‘डोळे बनवते’ म्हटल्यावर मी समजले, बाहुल्यांचे असतील. मग एकदा त्या डबा घरीच विसरल्या आणि तो पोचवायला मी त्यांच्या वर्कशॉपवर गेले.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत एक लांब बाक, त्यावर एक म्हातारे गृहस्थ. सगळे त्यांना मास्तर म्हणत, वर्कशॉप त्यांचंच. आतल्या खोलीत उत्तरेला मोठी खिडकी आणि खिडकीशी ताई. त्यांच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, एक आडदांड ट्रकड्रायव्हर मांडीवर हात ठेवून शाळेतल्या मुलासारखा बसला होता. त्याचा एक डोळा गेलेला होता. ताई दुसऱ्याकडे बघत होत्या.

मी दारातच थांबले. ताईंच्या हातात नखाएवढी काळी चकती होती आणि तिच्यावर त्या चार केसांच्या ब्रशने रंग ठेवत होत्या. आपण तपकिरी डोळे म्हणतो आणि मोकळे होतो. त्या तपकिरीत पिवळा होता, शेवाळी होता, मधल्या बाहुलीभोवती विटकरी कडं होतं आणि बाहेरच्या कडेला धुरकट निळी रेघ. ती रेघ मला ड्रायव्हरच्या डोळ्यात दिसत नव्हती. ताईंनी चकतीवर ती काढली, मी पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, आणि ती होती! मग पांढऱ्या प्लास्टिकच्या कवचात ती चकती बसली. ताईंनी लाल रेशमाचा धागा विंचरून त्यातला एकेक तंतू चिमट्याने उचलला आणि त्या पांढऱ्यावर शिरा म्हणून ठेवला. एवढ्या वेळात माझ्या हातातला डबा गार झाला.

“आमच्याकडे बाकीचे कारागीर दिवसाला चार करतात,” मास्तर मला हळूच म्हणाले. “हिला मी एकच देतो. एका डोळ्यानंतर हिच्यात काही उरत नाही. पण हिने केलेल्या डोळ्याला जन्म देणारी आई फसते.”

त्यांचा एक नियम होता. डोळा कसा गेला, हे आतल्या खोलीत कुणी सांगायचं नाही. लोकांना तर सांगायचं असतंच. म्हणून मास्तर त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून सगळं ऐकून घ्यायचे, पाणी द्यायचे, आणि माणूस रिकामा झाला की मगच आत सोडायचे. ताईंच्या कानावर ते पडलं तर ते त्यांच्या हातात उतरतं, असं ते म्हणत. मला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी खूळ वाटलं. पण घरी आल्यावर मी दारं हळू लावायला लागले, हे खरं.

मास्तर गेले आणि वर्कशॉप त्यांच्या जावयाकडे आलं. मी त्याला जावईबापू म्हणते, तो नसताना. माणूस वाईट नव्हता, उत्साही होता. उत्साही माणसं फार त्रास देतात. त्याने गल्लीतल्या खोल्या सोडल्या आणि एका मोठ्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हॉल घेतला. ओळीने आठ खुर्च्या, वर आठ ट्यूबा, कोपऱ्यात दिवसभर रेडिओ. बाक त्याला अडगळ वाटला. प्रत्येकाने दिवसाला चार.

ताईंनी तिथे दोन वर्षं काढली. कानात कापूस घालून, भिंतीकडची खुर्ची धरून, डबा जिन्यात बसून खाऊन. घरी आल्या की सरळ आडव्या व्हायच्या. आमच्याबरोबर जेवायच्या बंद झाल्या. मी एकदा म्हणाले, “ताई, जरा कातडी जाड करा. सगळं जग असंच आहे.” त्या म्हणाल्या, “करून बघितली गं. मग रंग दिसत नाहीत.” मी यावर भांडी घासायला उठले. तेव्हा मला वाटलं, बाईसाहेबांना नुसतं कुरवाळायला हवंय. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मग ती चूक झाली. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या, पन्नाशीच्या आसपास. त्यांना रिकामं करून आत सोडणारं कुणी नव्हतंच. त्या ताईंच्या समोर बसल्या, ताई त्यांच्याकडे त्यांच्या पद्धतीने बघायला लागल्या आणि बाईंनी तासभर सगळं सांगितलं. सांगता सांगता रडल्या. ताई ऐकत गेल्या आणि हात चालवत गेल्या. नेहमीपेक्षा दुप्पट लाल तंतू बसले, पांढऱ्यात गुलाबी झाक आली, खालच्या पापणीलगत ओलसर चमक आली. ताईंना कळलंसुद्धा नाही. डोळा पॉलिश होऊन आला, बाईंनी तो बसवला आणि आरसा हातात घेतला.

“हा रडतोय,” त्या म्हणाल्या.

खरंच रडत होता. दुसरा कोरडा झाला होता आणि हा रडत होता. हॉलमध्ये सगळे वळून बघायला लागले. जावईबापू धावत आला, पुन्हा फुकट करून देतो म्हणाला. बाई “असू दे” एवढंच बोलल्या आणि तो डोळा तसाच घालून निघून गेल्या. त्या गेल्यावर जावईबापू आठही खुर्च्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “ताई, डोळा रंगवायचा होता, दुःख नाही.”

ताई घरी आल्या आणि त्यांनी ब्रश ठेवला. सात महिने.

त्या सात महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. आधी वाटलं, सुटल्या बिचाऱ्या, आता आराम करतील. पण त्यांना ते काम नको झालं नव्हतं. ते त्यांना श्वासासारखं लागत होतं आणि करायला गेलं तर तेच त्यांना आजारी पाडत होतं. पहिले दोन महिने नुसत्या पडून. तिसऱ्या महिन्यात पेन्सिल हातात घेतली आणि घरातल्यांचे डोळे काढायला लागल्या. नवऱ्याचा डोळा पेपर वाचताना, सासूबाईंचा औषध घेताना. माझा एकतीस वेळा काढला. एकतीसच्या एकतीस भांडखोर!

“मी काय कायम भांडत असते का?” मी विचारलं.

“भांडत नाहीस, बोलत असतेस,” ताई म्हणाल्या. “तू बोलतेस ते माझ्या पेन्सिलीत येतं. आता गप्प बस बरं पाच मिनिटं.”

बत्तिसाव्या चित्रात मी बरी आले. ताईंनी ती सगळी चित्रं जमिनीवर मांडली आणि बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “माझं चुकतं कुठे ते कळलं. मला ऐकायला आणि रंगवायला एकच जागा आहे. मास्तरांनी बाक उगाच नव्हता ठेवला. आपल्या घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. आतल्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. मी आत बसेन, दिवसाला एक करेन. बाहेर कुणीतरी ऐकणारं पाहिजे.”

“कोण मिळणार असं?”

“तू.”

“मी कशी ऐकणार? मला तर बोलायला लागतं.”

“तू सगळं ऐकतेस, सगळ्यांना बोलतेस आणि उशीला डोकं टेकलं की घोरतेस,” ताई म्हणाल्या. “तुला काही होत नाही.”

मला हे लागलं. चांगलंच लागलं. पण ते खोटं होतं, असं मला म्हणता येईना. दुसऱ्या दिवशी मी जावईबापूकडे गेले. म्हटलं, डोळ्याच्या खोबणीचा साचा तुम्ही घ्या, कवच तुम्ही बनवा, पॉलिश तुम्ही करा. रंगवायचा आमच्याकडे, दिवसाला एक. तो नाही नाही म्हणत होता. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला तेव्हा त्याने रेडिओ बंद केला. शेवटी कबूल झाला, कारण लोक येऊन ‘त्या गप्प बसणाऱ्या बाई कुठे आहेत’ म्हणून विचारत होते. ते त्याने मला सांगितलं नाही, त्याच्या कारागिरांनी सांगितलं.

तर बाहेरच्या खोलीत मी, एक बाक, पाण्याचा जग आणि कुणी कधी यायचं त्याची वही. आत ताई. येणारा माझ्याशी बोलायचा. चेंडू लागला, काच उडाली, गाठ झाली, खेळताना सख्ख्या भावाचं कोपर लागलं. मी ‘अरे देवा’ म्हणायचे, पाणी द्यायचे, आणखी दोन प्रश्न विचारायचे, आणि रात्री ठार झोपायचे. ताईंचं बरोबर होतं. आत गेलेला माणूस मोकळा असायचा आणि ताई पुन्हा तशाच रंगवायला लागल्या. तशाच कसल्या, जास्त चांगल्या. एका माणसाच्या बुबुळात जन्मापासून तांबूस ठिपका होता. त्याच्या बायकोला बावीस वर्षांत तो दिसला नव्हता. दुसऱ्या डोळ्यात ताईंनी तो काढला नाही, कारण मुळात तो एकाच डोळ्यात असणार, हे त्यांना त्याच्याकडे बघून कळलं होतं. त्याने जुना फोटो आणून दाखवला. एकाच डोळ्यात होता. या बाईला मी नखरेल म्हणत होते!

तरी ताईंचा जीव टांगणीलाच असायचा. प्रत्येक डोळा जावईबापूकडून पॉलिश होऊन आला की त्या आधी तो रडतोय का, ते बघायच्या.

आणि एका सोमवारी त्याच शिवणवाल्या बाई दारात उभ्या राहिल्या. तोच डोळा घालून.

मी त्यांना घाईघाईने बाकावर बसवलं. “नवीन करून हवाय,” बाई म्हणाल्या. “मुलगी येतेय शुक्रवारी. चार वर्षांनी येतेय. हा बघितला की विचारेल, आई, काय झालं? आणि तिला मला काही सांगायचं नाहीये.”

मी माझं काम केलं. काय सांगायचं नाहीये, ते विचारलं.

मुलगी दहा वर्षांची असताना शाळेत तिचं नाटक होतं. बाई रात्री तिचा फ्रॉक शिवत होत्या. मशीनची सुई तुटली आणि तुकडा उडून डोळ्यात गेला. पाण्याने धुतला, दुखत होतं, पण दिसत होतं. फ्रॉकची एक बाही राहिली होती. बाईंनी ती बाही शिवली, सकाळी मुलीला घालून पाठवलं, नाटक बघायला गेल्या, टाळ्या वाजवल्या, आणि मग डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, काल आला असतात तर डोळा वाचला असता. पुढची बरीच वर्षं डोळा नुसता दुखत राहिला, शेवटी काढावा लागला. मुलीला आजार म्हणून सांगितलंय. “तिला कळलं ना, तर ती तो फ्रॉक जन्मभर अंगावर घेऊन फिरेल,” बाई म्हणाल्या.

मी ‘अरे देवा’ म्हणायला तोंड उघडलं आणि मला हुंदका आला. एक आला, मग थांबेचनात. मला दोन मुली आहेत. मी ओक्साबोक्शी रडत होते आणि शिवणवाल्या बाई मला जगमधलं पाणी ओतून देत होत्या. आतलं दार उघडलं. मला रडताना ताईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंच्या त्या डोळ्याकडे पाहिलं आणि त्या पांढऱ्या पडल्या.

“उद्या याल का?” एवढंच त्या बाईंना म्हणाल्या.

त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत. डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडून राहिल्या. मी उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, “ताई, माझं चुकलं. मी नाही म्हणून कळवते त्यांना. जावईबापूकडे दुसरे सात जण आहेत.”

“कळवू नकोस,” ताई फडक्याखालून म्हणाल्या. “पण एक सांगते. हाही रडला, तर मी ब्रश कायमचा ठेवला. बाक नको, खोली नको, काही नको. मी लोकांचे चेहरे बिघडवणार नाही.”

जिचा एकच डोळा धड आहे, ती बाई आत बसणार, ताईंना तिची गोष्ट शब्दन् शब्द माहीत, आणि मधे उभं राहायला मीसुद्धा नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

मंगळवारी बाई आल्या. मी काही न विचारता त्यांना सरळ आत सोडलं. ताईंनी आतलं दार उघडंच ठेवलं, म्हणून मला सगळं दिसलं. बाई खुर्चीत बसल्या आणि ताईंनी ब्रश हातात घेतलाच नाही. पंधरा मिनिटं गेली. बाईंचा धड डोळा भरून यायला लागला होता. मला वाटलं, झालं, संपलं.

तेवढ्यात ताई उठल्या, अंगातला ॲप्रन काढला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला. “याचा खिसा उसवलाय,” त्या म्हणाल्या. “एक टाका घालाल? मला काही ते नीट जमत नाही.”

बाई जरा चक्रावल्या. मग त्यांनी पर्समधून सुईदोरा काढला. शिवणवाल्या बायकांकडे तो असतोच. खिसा उलटा करून बघितला आणि तोंड वाकडं केलं. “हे कुणी शिवलंय? अहो, इथे दुमड नको का द्यायला?” पुढची पाच मिनिटं त्या ॲप्रन शिवणाऱ्या अज्ञात माणसाचा उद्धार करत होत्या आणि त्यांचा हात चालत होता. डोळ्यातलं पाणी आटलं. कपाळ सैल झालं. टाका संपला की त्या मान वर करून धागा दाताने तोडायच्या, खिडकीच्या उजेडात शिवण धरून बघायच्या, आणि त्या तेवढ्या वेळात ताई बघायच्या. मग खाली मान घालून रंग. पुन्हा टाका, पुन्हा मान वर, पुन्हा रंग. खिसा झाल्यावर बाईंनी न विचारता ॲप्रनची खालची पट्टी उसवली आणि तीही नव्याने घालायला घेतली. सगळं माहीत असून त्या तिथे बसल्या होत्या. आदल्या दिवशी मी ज्याने कोलमडले ते सगळं पोटात घेऊन त्या तंतू मोजून ठेवत होत्या. जाड कातडीची बाई मी होते ना? वहीचं कोरं पान मीच चुरगाळून टाकलं होतं.

डोळा जावईबापूकडे गेला आणि गुरुवारी पॉलिश होऊन आला. ताईंनी डबी उघडली नाही. “तूच दे त्यांना,” म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

बाईंनी जुना काढला, नवा बसवला आणि आरसा घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दोन्ही डोळे आरशात स्वतःला असे बघत होते, जशी एखादी शिवण धरून बघावी. कोरडे, हुशार, जरासे चिकित्सक. मी सांगते, कुठला खरा, हे मलाही सांगता आलं नसतं.

“आता नाही विचारणार ती,” बाई म्हणाल्या.

ताई खिडकीकडून वळल्या. बघितलं. खुर्चीचा हात धरून खाली बसल्या.

“जुना इथेच ठेवा,” मी म्हणाले. “जावईबापू मोडून टाकेल.”

“नको, नको,” बाईंनी तो पटकन रुमालात गुंडाळला. “मुलगी परत गेली की घरी हाच घालेन. अहो, रडायला आलं की एक डोळा लाल होतो आणि दुसरा नुसता बघत बसतो. किती एकटं वाटतं तेव्हा! हा आला तेव्हापासून दोन्ही डोळ्यांनी रडल्यासारखं होतं.”

त्या गेल्या. मी वही उचलली. ताईंनी ब्रश धुतले, एकेक करून फडक्यावर वाळत ठेवले, शिवलेला ॲप्रन अंगात घातला आणि माझ्या हातातल्या वहीकडे बघत म्हणाल्या, “उद्या कोण आहे?”